नेमतजान माणसं टिकवतो

कोकंदच्या बोग मोहल्ल्यात नेमतजानच्या रोटीच्या दुकानाचा पत्ता विचारलात तर कुणीही सांगेल, आणि सांगताना हसेल. दुकान मुळात त्याच्या बापाचं, हाजी रोझिमतचं. साठ वर्षांचं जुनं. बाप होता तोवर नेमतजान बाजारात टायरं विकत असे. बाप गेला तसा टायरांचा गाळा धाकट्या भावाच्या गळ्यात मारून तो दुकानातल्या बापाच्या खुर्चीवर येऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच असतो. कणकेत हात घालायची त्याला शिसारी, आणि तंदुराजवळ जायचं म्हटलं की लगेच खोकला. धुराचा त्रास आहे, म्हणे. रोटीवाल्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला!

त्याचं दुःख एकच होतं, आणि ते तो चहाखान्यात रोज एकदा तरी उगाळायचा. चांगली माणसं मिळत नाहीत. जो चांगला तो मॉस्कोला जातो, त्याहून चांगला असेल तो कोरियाला जातो, आणि उरलेला माझ्या दुकानात येऊन चहा पीत बसतो, असं त्याचं म्हणणं. ऐकणारे मान हलवत. त्यांतल्या तिघांनी स्वतः त्याच्याकडे काम करून पाहिलं होतं, त्यामुळे ते जरा जास्तच हलवत.

माणसं आणायची म्हणून त्याने दारावर पाटी लावली होती. ‘पाहिजेत : कष्टाळू, नम्र, प्रामाणिक, अनुभवी माणसं. सुट्टी मागणाऱ्यांनी येऊ नये.’ चार महिने पाटी लटकत होती. तिच्याखाली कुणीतरी कोळशाने लिहून ठेवलं, ‘असा मिळाला तर कळवा, घरात लग्नाची मुलगी आहे.’ नेमतजानने ते पुसलं, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उगवलं. मग त्याने पुसणं सोडून दिलं.

माणसं घडवण्याचाही प्रयत्न त्याने केला नव्हता असं नाही. गल्ल्यावरच्या मुलीला त्याने हौसेने संगणकाच्या वर्गाला घातलं. तीन महिन्यांत ती शिकली आणि चौथ्या महिन्यात बँकेत लागली. त्यावरून नेमतजानने आयुष्यभराचा धडा घेतला : शिकवलं की उडतात. तेव्हापासून दुकानात नियम झाला की एकाला एकच काम यावं. कणीक मळणाऱ्याने तंदुराकडे बघायचं नाही, जाळ घालणाऱ्याने कणकेला शिवायचं नाही, आणि रोटीवर ठसे मारणाऱ्याने बाकी कशात नाक खुपसायचं नाही. अशी तीन माणसं मिळून अर्धा रोटीवाला होई. एखाद्याचं पोर आजारी पडलं आणि तो घरी राहिला, की उरलेले दोघे एकमेकांकडे बघत उभे राहत.

बाकीचा अर्धा, आणि वेळ आली तर अख्खा, रोटीवाला होता तोशपुलत.

तोशपुलत सोळाव्या वर्षी हाजींच्या हाताखाली आला होता. आता त्रेचाळीसचा. उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नाही, सगळे तंदुराने खाल्लेले. कमी बोलायचा. त्याची रोटी मात्र बोलायची. काठ गुबगुबीत, मध्ये पातळ कुरकुरीत, वर कलौंजी, आणि दुसऱ्या दिवशी चहात बुडवली तरी चव तीच. स्टेशनापलीकडचे लोक मोटार काढून यायचे. ते नेमतजानसाठी येत नसत एवढं तर नेमतजानलाही कळत होतं.

असा माणूस अकरा वर्षं त्याच्याकडे कसा टिकला? ते सांगायला हवं, कारण नेमतजानला त्याचाच फार अभिमान होता. आमच्याकडे हुनर शिकलेल्या माणसाला उस्तादाची फोतिहा लागते. वडीलधाऱ्यांसमोर हात पसरून उस्ताद दुआ मागतो, तेव्हा शागीर्द मोकळा होतो आणि स्वतःचा तंदूर पेटवू शकतो. फोतिहा न घेता पेटवला तर रोटी भिंतीला धरत नाही, राखेत पडते, असं सगळे मानतात. तोशपुलतही मानायचा. हाजी त्याला फोतिहा देणारच होते, दिवससुद्धा ठरला होता. आठवडाभर आधी भर उन्हाळ्यात हाजी तंदुरासमोरच कोसळले आणि संपले. वडीलधाऱ्यांनी विचार करून सांगितलं, बापाचं दुकान ज्याच्या हाती, बापाची फोतिहाही त्याच्याच हाती. झालं. टायरं विकणाऱ्याच्या मुठीत रोटीवाल्याची किल्ली आली.

तोशपुलत दरवर्षी एकदा विचारायचा. नेमतजान दरवर्षी सांगायचा, का नाही, जरूर देऊ, पण जरा रमजान होऊ दे. मग, मुलीचं लग्न होऊ दे. मग, छपराचं काम निघालंय. तोशपुलतने घराच्या अंगणात सहा वर्षांपूर्वीच तंदूर बांधून घेतला होता. त्यावर जुनी रजई घालून ठेवलेली. दर वसंतात बर्फ वितळलं की तो रजई काढायचा, माती आणि लोकर कालवून तडे लिंपायचा आणि पुन्हा रजई घालायचा. त्याची बायको हे खिडकीतून बघायची आणि काही बोलायची नाही. शेजारीही बोलायचे नाहीत. मला विचाराल तर या सगळ्यांनी थोडं बोलायला हवं होतं.

त्या वसंतात मळणारा आणि जाळ घालणारा, दोघे एकाच आठवड्यात कझानला निघून गेले, तेव्हा नेमतजान घाबरला. व्यापाऱ्यांच्या कचेरीतून निरोप आला होता की ताश्कंदहून बाई येणार आहेत आणि एका दिवसात शिकवणार आहेत, ‘चांगली माणसं आणा, घडवा, टिकवा’. जेवण फुकट होतं. नेमतजान पहिल्या रांगेत जाऊन बसला.

बाईंचं नाव निगिना. हुशार, चटपटीत, आणि भिंतीवर चित्रं दाखवत बोलणाऱ्या. माणूस पगारासाठी येतो पण मानासाठी राहतो, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या चित्रांत दाखवलं. महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो लावा म्हणाल्या. मधल्या सुट्टीत नेमतजानने त्यांना गाठलं आणि विचारलं की आपल्याकडे एक माणूस अकरा वर्षं टिकलाय, तो आणखी अकरा कसा टिकेल. बाईंनी कौतुकाने विचारलं, त्याला टिकवायला तुम्ही काय करता?

“काही करत नाही,” नेमतजान म्हणाला.

बाईंना ते विनयाने बोलणं वाटलं. त्या म्हणाल्या, “मग आता करा. चार लोकांत त्याचा सन्मान करा. मनापासून, हात आखडता न घेता. आणि एक लक्षात ठेवा, स्तुती करताना ‘पण’ म्हणायचं नाही. ‘पण’ आला की आधीचं सगळं पाण्यात.”

नेमतजानने हे वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आयुष्यात त्याने कुणाची स्तुती केली नव्हती, आणि ‘पण’ न म्हणता तर काहीच केलं नव्हतं.

आधी त्याने फोटोची चौकट लावली. ती रिकामी वाईट दिसते म्हणून नमुन्यादाखल स्वतःचा फोटो घातला. तो तसाच राहिला, आणि गिऱ्हाइकं विचारू लागली की मालकांनी कुठल्या महिन्यात काम केलं.

मग सन्मान. दुकानाला साठ वर्षं झाली होती, तेच निमित्त धरून त्याने चहाखान्यात सकाळच्या पुलावाचं बोलावणं केलं. दोनशे माणसं. तोशपुलतच्या अंगावर चापान घालायचा त्याने ठरवलं. आमच्याकडे चापान कुणाच्या अंगावर पडत नाही? कुस्ती जिंकणारा, निवृत्त होणारा, पाहुणा आलेला अधिकारी, सगळ्यांच्या खांद्यांवर तो रुईभरला झगा टाकतात, फोटो काढतात, विसरतात. चापानांच्या दुकानातल्या बाईने विचारलं, कुणासाठी? आमच्या रोटीवाल्यासाठी, नेमतजान म्हणाला. तेव्हा तिने न विचारता चापानाबरोबर भरतकामाचा कमरबंदही बांधून दिला. दोन्ही मिळून घेतलं तर स्वस्त पडत होतं. नेमतजानने घेतलं.

आता इथे जो रोटीवाल्याचा पोरगा म्हणवतो त्याला ठाऊक असायला हवं होतं की चापान कुणीही कुणाला घालतो, पण कमरबंद उस्ताद शागीर्दाला बांधतो, आणि तोही एकदाच, फोतिहा देताना. पण हाजी जेव्हा कुणाला कमरबंद बांधत तेव्हा नेमतजान टायरांच्या ढिगावर बसलेला असे. मोहल्ल्यात बातमी गेली की नेमतजान तोशपुलतला वडीलधाऱ्यांसमोर चापान आणि कमरबंद घालतोय. सगळ्यांना जे कळायचं ते कळलं. नेमतजानला ते कुणी सांगितलं नाही. रोटीवाल्याच्या मुलाला रोटीवाल्यांची रीत कोण सांगणार? त्याची बायको मुकर्रम तेवढी म्हणाली, अहो, आधी मुत्तल बोबोंना विचारून तर घ्या. तो म्हणाला, मी ताश्कंदच्या बाईंकडून शिकून आलोय, मला म्हाताऱ्याला विचारायची गरज नाही.

मुत्तल बोबो हाजींच्या बरोबरीचे, चौऱ्याऐंशी वर्षांचे, रोटीवाल्यांतले सर्वांत वडील. सकाळी सहाला ते काठी टेकत आले आणि मधल्या जागी बसले. तोशपुलत पांढरा सदरा घालून कोपऱ्यात उभा होता. चेहरा उतरलेला, आदल्या रात्री झोप लागली नसावी. त्याची बायको बाहेर बायकांत बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं.

नेमतजानने दिमाखात चापान घातला, कमरबंद बांधला. गाठ नीट बसेना, दोनदा बांधावी लागली. चहाखाना अगदी शांत झाला. नेमतजानला वाटलं, वा, सन्मान म्हणजे सन्मान.

मुत्तल बोबोंनी काठी टेकली आणि विचारलं, “नेमत, याने तुझ्या घरचं मीठ हलाल केलं का?”

हो, पण थंडीत पाच मिनिटं उशिरा येतो, हे नेमतजानच्या ओठांवर आलं होतं. त्याने वही आठवून ‘पण’ गिळला आणि म्हणाला, “केलं, बोबो. पुरेपूर केलं.”

“हुनर पुरा झालाय याचा?”

“पुरा. खरं सांगू? माझ्या बापालाही मागे टाकेल.” पुन्हा एक ‘पण’ त्याने गिळला. आता त्याला गिळायची चव लागली होती.

“तुझं याच्याकडे काही राहिलंय?”

“काही नाही,” नेमतजान हात पसरून म्हणाला, “राहिलंच असेल तर याचं माझ्याकडे राहिलंय.”

दोनशे माणसांत एक हुंकार फिरला. पुढच्या रांगेतला कसाई डोळे पुसू लागला, आणि तो कसाई बापाच्या मयतीतही रडला नव्हता. मुत्तल बोबोंनी दोन्ही तळवे उघडले, दुआ मागितली, वंगण लागलेले, पीठ लागलेले, कणकेत आयुष्य गेलेले सगळे हात वर झाले, आणि ‘ओमिन’ म्हणून सगळ्यांनी चेहऱ्यांवरून हात फिरवले. सर्वांत मोठा आवाज नेमतजानचा होता. तोशपुलत रडत होता. सत्तावीस वर्षं तंदुरात हात घालणारा माणूस चापानाच्या बाहीत तोंड लपवून लहान पोरासारखा रडत होता, आणि नेमतजान मनात म्हणत होता, बाईंनी सांगितलं ते खरं, हा आता कुठे जात नाही.

पुलाव आला. नेमतजानने मांसाचा चांगला तुकडा निवडून तोशपुलतच्या पुढे सरकवला. तेवढ्यात मुत्तल बोबोंनी शेजारून तोशपुलतला विचारलं की आपला तंदूर कधी पेटवणार.

“उद्या पहाटे, बोबो. देवाने दिलं तर.”

नेमतजानचा घास हातातच राहिला. त्याने बोबोंकडे बघितलं, तोशपुलतकडे बघितलं, कमरबंदाकडे बघितलं. बोबोंनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अकरा वर्षं आम्ही तुला नावं ठेवली, पोरा. मीही ठेवली. आज कबरीत तुझ्या बापाचा जीव गार झाला. एवढा गुणी माणूस कोण सोडतो?”

यावर तो बिचारा काय बोलणार? चुकून झालं, परत द्या, असं? दोनशे जणांचा ओमिन काही टायर नव्हे, बदलून घ्यायला. नेमतजान हसला. लोक येऊन त्याला मिठ्या मारत होते आणि तो दात दाखवत होता. उठताना त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, दोघांनी धरून उठवलं, तर लोक म्हणाले, गहिवरलाय.

घरी मुकर्रमने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माणूस टिकवायला शिकून आलात, आणि असलेला माणूस कपडे करून घरी पाठवलात.” नेमतजानने त्या दिवशी जेवण केलं नाही. पण तिने आग्रहही केला नाही.

दुपारी मात्र गंमत झाली. एक माणूस दुकानात आला. एर्गश नाव, चौतीस-पस्तीसचा, पाच वर्षं रशियात इमारतींवर विटा वाहून नुकताच परतलेला. हात रुंद, बोलणं स्वच्छ. तो पाटीखाली उभा राहून म्हणाला की मला काम शिकायचंय. नेमतजानने विचारलं, आमच्याकडेच का? तर म्हणाला, सकाळचं ऐकलं. जिथे उस्ताद शागीर्दाला असा मान देऊन मोकळा करतो तिथे माणसाने शिकायला जावं. चार महिने पाटी लटकत होती तेव्हा कुत्रं आलं नव्हतं, आणि आता हा हिरा चालत आला होता. मग एर्गशने सरळपणे विचारलं, “उस्ताद, सुरुवात कशाने करायची?”

नेमतजानला खोकला आला. उद्या पहाटे ये, म्हणाला.

पहाटे दोघे दुकानात आले. कणीक दुकानातल्या ठरल्या मापाने एर्गशनेच मळली, जाळही त्यानेच केला. राहिला तंदूर. मळणारा नाही, जाळ घालणारा नाही, आणि ठसे मारणारा बाहेर उभा राहून म्हणत होता की मला फक्त ठसे मारता येतात. नेमतजानने बाह्या सरसावल्या, गोल गादीवर रोटी घेतली, तोंड फिरवलं आणि हात आत घातला. रोटी भिंतीला लागली, क्षणभर थांबली आणि राखेत पडली. दुसरी पडली. तिसरी त्याच्या हातातूनच सुटली. दाराशी रोजची गिऱ्हाइकं जमली होती. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग एकेक जण खालच्या गल्लीकडे चालू लागला. नेमतजानला कळलं ते कुठे जातायत. तोही निघाला, मागोमाग एर्गश.

तोशपुलतच्या दारात अकरा माणसं रांगेत होती. अंगणात पऱ्हाट्यांचा धूर, रजई कुंपणावर वाळत घातलेली, आणि तंदुराच्या तोंडाशी वाकलेला तोशपुलत. नेमतजानला बघून तो हात पुसत पुढे आला. पहिल्या दोन रोट्या त्याने उस्तादासाठी कापडात झाकून ठेवल्या होत्या. दोन्ही हातांनी दिल्या. रीत होती ती, आणि तोशपुलत रीत चुकणारा नव्हता. नेमतजानने तुकडा मोडून तोंडात टाकला.

“तोश,” तो म्हणाला, “दुकान तुझंच समज. निम्मं घे. राहा.”

तोशपुलतने हातावरचं पीठ झटकलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच नेमतजानला सोसवेना.

“अकरा वर्षांत तुम्ही मला एकदाही राहा म्हणाला नाहीत, अका,” थोरल्या भावाला म्हणावं तसं तो म्हणाला. “जाऊ दिलं नाहीत, ते वेगळं. नुसतं राहा म्हणाला असतात ना, तर फोतिहा घेऊनही मी राहिलो असतो. तो तंदूर हाजी उस्तादांचा. काल तिथून निघताना माझा पाय निघत नव्हता.”

“मग आता म्हणतोय ना.”

“आता माझी कणीक फुगलीय, अका,” तोशपुलत म्हणाला आणि तंदुराकडे वळला, कारण आतल्या रोट्या तांबूस व्हायला लागल्या होत्या.

नेमतजानने मागे बघितलं. एर्गश तिथे नव्हता. तो कुंपणापाशी बाह्या वर करून हात धूत होता, आणि तोशपुलतची बायको त्याच्या हातांवर पाणी घालत होती.

चहाखान्याला आठ वाजता साठ रोट्या द्यायच्या होत्या. नेमतजानने विचारलं, मला साठ मिळतील का. मिळतील की, तोशपुलत आतूनच म्हणाला, हे लोक आधी आलेत, यांचं झालं की देतो. तेव्हा नेमतजान बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या हातात दोन गरम रोट्या होत्या आणि त्यांचा चटका त्याला बसत होता, तरी त्याने हात बदलला नाही. तेवढ्यात त्याच्याच दुकानासमोर राहणारी म्हातारी थैली घेऊन आली आणि आमच्याकडे रांगेत लागणारा प्रत्येक जण विचारतो तसं तिने विचारलं, “शेवटी कोण आहे?”

“मी,” नेमतजान म्हणाला.